दुसऱ्या अंकाचा वॉल्ट्झ

"तू रेडिओवरून आलीस ना? ती पदार्थविज्ञान शिकलेली?" दार उघडता उघडताच मास्तरांनी विचारलं. "मग आधी मला एवढं सिद्ध करून दे, की यंत्र जोरात फिरत होतं."

माझा कोट अजून अंगावरच होता. त्यांच्या हातात ग्रामोफोनची एक जुनी, जड तबकडी होती आणि ती त्यांनी पुरावा धरावा तशी माझ्यापुढे धरली होती.

एलेमेर लोरिक यांना आमच्या रेडिओत, नाटकमंडळींत आणि त्यांच्या गल्लीतल्या बेकरीतसुद्धा सगळे मास्तरच म्हणत. एकोणीसशे शहात्तरच्या वसंतात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्यांनी सतरा ऑपेरेटांना, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांना, संगीत दिलं होतं. लोक त्यातल्या सोळा विसरले होते. 'बारोमीटर काउंटेस'मधलंही एकच गाणं उरलं होतं, दुसऱ्या अंकाच्या शेवटचा वॉल्ट्झ, 'धुकं उतरू दे'. पण तो असा उरला होता, की हंगेरीत एकही लग्न त्याच्याशिवाय लागत नसे आणि रविवारचा फर्माइशी कार्यक्रम त्याच्याशिवाय संपत नसे.

मास्तरांच्या वाढदिवसासाठी रेडिओ एक मोठी तबकडी काढणार होता. एका बाजूला जुनी ध्वनिमुद्रणं, दुसऱ्या बाजूला 'काउंटेस'चा नवा प्रयोग, बेकेशचाबा गावच्या नाट्यगृहातून थेट घेतलेला. ध्वनिमुद्रणाचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी फक्त जुन्या तबकड्या न्यायला आले होते.

"जोरात नाही, मास्तर," मी म्हटलं. "मुद्रणाच्या वेळी यंत्र हळू फिरलं असेल, तर नंतर वाजवताना गाणं जलद ऐकू येतं."

"हळू तर हळू. सिद्ध कर."

"पण कशासाठी?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि तबकडी लावली. मी हे गाणं हजारदा ऐकलेलं, पण त्यांच्या शेजारी बसून ऐकताना पहिल्यांदाच कळलं की ते किती पळतं. व्हायोलिनं एकमेकांच्या टाचांवर पाय देत होती. गाणारी मुलगी श्वास घ्यायला जागा शोधत होती आणि ती तिला मिळत नव्हती.

"ही बाई कोण आहे? एक कफल्लक काउंटेस," मास्तर म्हणाले. "बालातोन सरोवराच्या काठी वेधशाळेत नोकरी करते. तिचा माणूस सकाळच्या बोटीने कायमचा जायला निघालाय. बारोमीटर सांगतोय, हवा स्वच्छ राहणार. तरी ती म्हणते, धुकं उतरू दे, बोट सुटू देऊ नको. आता मला सांग, बोट सुटू नये म्हणून गाणारी बाई घाई कशाला करेल?"

मी तबकडीवरची सुई उचलून बाजूला ठेवली.

"एकतीस साली हे छापलं गेलं. वाद्यवृंद मीच चालवत होतो. तेव्हापासून सगळा देश माझं गाणं पळत पळत गातोय. आता तिकडे तो बुल्चू कर्शई, तुमच्या नव्या तबकडीचा वाद्यवृंद चालवणारा, मला फोनवर म्हणतो, 'मास्तर, निश्चिंत राहा, अगदी तुमच्या रेकॉर्डसारखं करतो!' एकदा चुकीचं छापलं गेलं ते पंचेचाळीस वर्षं टिकलं. दुसऱ्यांदा तसंच छापलं, की संपलं. मी गेल्यावर तेच खरं."

इतक्यात दार न वाजवता एक बाई आत आल्या. हातात गरम पोगाचांची, म्हणजे छोट्या खारट पावांची, ताटली, वर चीज करपलेलं. खालच्या मजल्यावरच्या वाल्लीमावशी. तबकडीवर गाणारी मुलगी म्हणजे त्याच. मास्तरांशी त्यांचं लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि मग त्यांनी जिन्याच्या दोन मजल्यांवर संसार सुरू ठेवला होता.

"परत यंत्राची गोष्ट सांगतोय ना हा?" त्यांनी मला विचारलं. "ऐकू नकोस. यंत्राला काही झालं नव्हतं. त्या दिवशी डर्बी होती. याला घोड्यांवर पैसे लावायला पळायचं होतं, म्हणून मला असं पळवलं. ऐकलास माझा आवाज? मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा! बावीस वर्षांची होते मी. तोच आवाज लोक अजून ऐकतात."

"वाल्ली, पोगाचा ठेव आणि जा."

"ठेवते. तुझ्यासाठी नाहीयेत, मुलीसाठी आहेत."

तबकडी मी प्रयोगशाळेत नेली. खरं तर उत्तर काढायला प्रयोगशाळेची गरज नव्हती, एक स्वरकाटा पुरला असता. तबकडी जोरात फिरवली की गाणं नुसतं जलद होत नाही, वरच्या स्वरातही जातं. हे दोन्ही एकत्रच होतं, एकाशिवाय दुसरं होऊ शकत नाही. मास्तरांना हवी ती लय आणि तबकडीवरची लय यांत इतकं अंतर होतं, की यंत्राचा दोष असता तर सगळं गाणं साडेतीन स्वर वर चढलेलं मिळालं असतं. छापील स्वरलिपीत वॉल्ट्झ डी मेजर या स्वरपट्टीत आहे. मी स्वरकाटा कानाशी धरला, तबकडी लावली. डी मेजर. तरी खात्रीसाठी फिरकीचा वेगही तपासला आणि वाद्यवृंदातल्या धातूच्या पट्ट्यांचा स्वर मोजला, कारण त्या वाद्याचा स्वर सहसा हलत नाही. सगळं जागच्या जागी होतं. यंत्र प्रामाणिक होतं.

मला वाईट वाटलं. मी मास्तरांच्या बाजूने पुरावा शोधत होते, हे मला तो सापडला नाही तेव्हा कळलं.

मी हे सांगायला गेले तेव्हा ते खिडकीशी बसून सोड्यात मिसळलेली वाइन पीत होते.

"डी मेजरच आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

"मग मला कशाला कामाला लावलंत?"

"तुझ्याकडे रेडिओचं ओळखपत्र आहे. पांढरा कोट आहे. तू म्हणाली असतीस की यंत्र बिघडलं होतं, तर बुल्चूने ऐकलं असतं. माझं कोण ऐकतो? मी फक्त गाणं लिहिलंय."

"मी खोटं सांगणार नाही, मास्तर."

"नको सांगूस." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आता खरं सांगावं लागणार. आणि ते नेमकं त्या खालच्या मजल्यावरच्या बाईसमोर सांगावं लागणार, कारण ती प्रयोगाला आल्याशिवाय राहायची नाही."

त्यांनी ग्लास पुन्हा उचलला. मला वाटलं, डर्बीचीच गोष्ट खरी असावी आणि त्यांना तिची लाज वाटत असावी.

बेकेशचाबाला आम्ही तिघं आगगाडीने गेलो. ध्वनिमुद्रणाच्या सामानाची गाडी आधीच पोचली होती. वाल्लीमावशींनी वाटेत सबंध डब्याला उकडलेली अंडी वाटली आणि मास्तर तिकीट तपासणाऱ्याशी फुटबॉलवरून भांडले. नाट्यगृह लहान आणि देखणं होतं, लाल मखमल थोडी झिजलेली. दुपारी तालीम होती.

बुल्चू कर्शई मला आवडला, हे सांगायला हवं. तिशीतला, उंच, अतिशय नम्र. त्याने वाल्लीमावशींच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "तुमचा प्रत्येक श्वास मला पाठ आहे, बाई."

"श्वास?" मावशी म्हणाल्या. "मला तरी कुठे सापडला होता तो!"

त्यांच्या भूमिकेत आता दाल्मा नावाची मुलगी होती, स्वच्छ आणि गोल आवाजाची. वाद्यवृंदाने वॉल्ट्झ सुरू केला. तबकडीसारखाच. बुल्चूने खरंच एकेक वळण तसंच उचललं होतं, जिथे व्हायोलिनं एकमेकांवर आदळत होती तिथे इथलीही आदळत होती. इतकी निष्ठा बघून हसावं की रडावं कळेना.

"थांबा," मास्तर पहिल्या रांगेतून म्हणाले. "पोरा, हे फार जलद आहे."

"मास्तर, तुम्ही स्वतः असं वाजवलंय."

"वाजवलंय, पण ते चूक होतं."

"तुम्ही नेहमी म्हणता यंत्र बिघडलं होतं." बुल्चू माझ्याकडे वळला. "बिघडलं होतं का? तुम्ही तपासलंत ना?"

पंचवीस वादक माझ्याकडे बघत होते. "नाही," मी म्हटलं. "यंत्र बरोबर होतं."

वाल्लीमावशी तिसऱ्या रांगेत विणत बसल्या होत्या. "मी सांगितलं होतं! डर्बी!" त्या म्हणाल्या.

मास्तर उठले. त्यांनी बुल्चूकडे तोंड केलं, मावशींकडे पाठ.

"त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मावायची. जास्तीत जास्त साडेतीन. समोर मेणाची चकती फिरायची, ती संपली की गाणं संपलं. आणि माझा वॉल्ट्झ, जसा मी लिहिला तसा, दोन्ही कडव्यांसकट, पाच मिनिटांचा. कंपनीचा माणूस घड्याळ घेऊन उभा. म्हणाला, 'दुसरं कडवं कापा. नाही तरी ही पोरगी नवीन आहे, कुणी तिला ओळखत नाही. एक कडवं पुष्कळ झालं.' आता ते दुसरं कडवं तिचं होतं. पहिलं कुणीही गाईल. दुसऱ्यात ती वर जाते आणि तिथे थांबते, ते मी तिच्या गळ्याकडे बघून लिहिलं होतं. ती आत काचेपलीकडे उभी होती, नवीन हॅट घालून. तिची आई आली होती बघायला. मी म्हटलं, कापायचं नाही, मी बसवतो. आणि बसवलं. तीन मिनिटं वीस सेकंदांत सगळं बसवलं. सशासारखं पळवलं तिला, पण कडवं राहिलं."

दुसऱ्या हॉर्नवाल्याने वाद्यातलं पाणी झटकलं, तेवढाच आवाज.

"आणि डर्बी?" मावशींनी विचारलं.

"डर्बी आदल्या रविवारी झाली होती."

"पंचेचाळीस वर्षं मी तुला घोड्यांवरून बोलतेय!"

"हो."

"घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशासमोरसुद्धा घोडे काढले होते मी!"

"आठवतंय."

"मग एकदा तरी सांगायचं होतंस, गाढवा!"

"काय सांगू? की कंपनीला तू नको होतीस? बावीस वर्षांच्या पोरीला? आणि नंतर तुझं नाव झालं, मग सांगून काय उपयोग होता?"

मावशींनी विणकाम पिशवीत कोंबलं, पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा कोंबलं. दाल्मा रंगमंचाच्या कडेला बसून उघडपणे रडत होती. मला खात्री वाटली की आता काम झालं.

बुल्चू चौथऱ्यावरून उतरून खाली आला. "मास्तर, ही गोष्ट ऐकून मी आज झोपणार नाही," तो म्हणाला. "पण उद्या सभागृहात सहाशे माणसं असतील. त्यांना ही गोष्ट माहीत नाही. त्यांना गाणं माहीत आहे. त्यांच्या लग्नात ते असंच वाजलं, त्यांच्या आईच्या लग्नात असंच वाजलं. मी ते एक तृतीयांश हळू केलं, तर लोक म्हणतील वाद्यवृंद झोपला. आणि रेडिओवर ऐकणारे म्हणतील, बेकेशचाबाच्या लोकांना वाजवता येत नाही. ही माझी पहिली तबकडी आहे. मला ते जमायचं नाही."

तो उद्धटपणे बोलत नव्हता. मला तर तो बरोबरच वाटत होता, आणि मास्तरही बरोबर वाटत होते, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटणं मला शास्त्र शिकताना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी घातली. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सॉसेजची एकच चकती खाल्ली. मावशींनी एकही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी आमची यंत्रं डावीकडच्या बॉक्समध्ये, वरच्या छोट्या सज्जात, मांडली होती. शेजारच्या बॉक्समध्ये मास्तर आणि मावशी, मधे फक्त एक बुटका कठडा. सभागृह भरलं होतं. पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी दाल्मा दुर्बीण हातात घेऊन पुढे आली आणि वॉल्ट्झ सुटला. धावतच सुटला. माझ्या यंत्रावरचे काटे नेमके हलत होते, आवाज स्वच्छ येत होता, मुद्रण म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती. मास्तर डोळे मिटून बसले होते. संगीत ऐकताना लोक मिटतात तसे नाही, दाढ काढताना मिटतात तसे.

गाणं संपलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

आमच्याकडे टाळ्यांचं एक असतं. सुरुवातीला जो तो आपापल्या घाईत वाजवतो, नुसता सरसर आवाज. पण लोकांना खरंच आवडलं, तर थोड्या वेळाने ते न ठरवता एकत्र येतात आणि सगळं सभागृह एका ठेक्यात वाजवायला लागतं. तसं झालं की गाणं पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणावंच लागतं. ते नाकारायची हिंमत आजवर कुठल्या नाट्यगृहाने केलेली नाही.

हे मी नंतर टेपवर मोजलंय, म्हणून खात्रीने सांगते. लोक जलद वाजवत राहिले तर कधीच एकत्र येत नाहीत, प्रत्येकाची घाई वेगळी असते. एकत्र येण्यासाठी प्रत्येकाला आपला वेग जवळजवळ निम्मा करावा लागतो. तेव्हाच ते एकमेकांना ऐकू शकतात.

त्या संध्याकाळी तसंच झालं. सरसर विरली, एक क्षण गोंधळ माजला, आणि मग धप्, धप्, धप्. सहाशे माणसं, एक हात असल्यासारखी. सावकाश.

बुल्चूने हात उचलला. टाळ्या थांबल्या नाहीत. ओळखीचं गाणं असलं की आमचे लोक सुरुवातीच्या ओळींवर तसेच वाजवत राहतात. त्याने आपल्या वेगाने पहिला इशारा दिला. व्हायोलिनं त्याच्याबरोबर सुटली, चेलो मात्र टाळ्यांबरोबर गेले, आणि पहिल्या दोन आवर्तनांत तिथे रस्त्यावरचा अपघात व्हावा तसं झालं. बुल्चूने डावा हात झटकला, पुढे चला म्हणून. पण पाठीमागून सहाशे जण ठेका देत असताना एका माणसाची काठी कोण बघतो? व्हायोलिनंही मागे आली. मग हॉर्न. बुल्चूचा हात क्षणभर हवेत तसाच राहिला. मी वरून त्याचा चेहरा बघू शकत होते. त्याने मान वळवून सभागृहाकडे पाहिलं, मग खांदे सोडले आणि काठी टाळ्यांवर आणली.

मावशींनी कठड्यावरून हात घालून माझं मनगट पकडलं. "यंत्र चालू आहे ना गं?"

"चालू आहे."

दाल्माने तोंड उघडलं. पहिल्या ओळीनंतर तिला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि ती तिलाच इतकी अनपेक्षित होती, की ती जरा जास्तच थांबली. लोकांच्या टाळ्या बारीक होत गेल्या आणि ऐकण्यासाठी बंद पडल्या. ठेका मात्र बुल्चूच्या हातात राहिला. त्याने तो सोडला नाही. आता तो सोडू शकला असता, कुणी अडवत नव्हतं. दुसऱ्या कडव्यात दाल्मा वर गेली आणि तिथे थांबली. बुल्चू तिच्यासाठी थांबला. मावशींची बोटं माझ्या मनगटात रुतत होती आणि त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते.

प्रयोग संपल्यावर बुल्चू घामाने भिजलेल्या शर्टातच आमच्या बॉक्समध्ये आला. "लोकांनी ओढलं मला," तो म्हणाला. "मी नाही केलं."

"पहिलं कडवं लोकांनी," मास्तर म्हणाले. "दुसरं तू केलंस. खोटं बोलू नकोस, मला त्यातला बराच अनुभव आहे."

मी दोन्ही मुद्रणं वाजवून दाखवली. आधी जलद, स्वच्छ. मग दुसरं, सुरुवातीला टाळ्या आणि तो दोन आवर्तनांचा अपघात असलेलं. कायद्याने निवड बुल्चूची होती, कारण दोन्ही त्याचीच होती. मी त्याला सांगितलं की टाळ्या काढता येणार नाहीत, त्या आणि संगीत एकाच टेपवर मिसळले आहेत. अपघातही राहील.

बुल्चू कितीतरी वेळ कानावर हेडफोन धरून उभा होता. "चेलोवाल्यांना मी उद्या बघून घेतो," तो म्हणाला. "पण दुसरं घ्या."

मग त्याने तो हेडफोन मास्तरांच्या कानावर ठेवला. मास्तरांनी वॉल्ट्झ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे होतो. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला, नाकावरचा चष्मा पुसला, आणि म्हणाले,

"जरा जास्तच हळू झालंय."

बुल्चू मटकन खुर्चीवर बसला.

"एलेमेर!" वाल्लीमावशी ओरडल्या.

"किंचित. अगदी किंचित," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पण हेच छापा. आणि मुली, ते दुसरं कडवं मला अजून एकदा लाव."

मी टेप मागे फिरवली. मावशींनी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाशी ओढून घेतली.